सबलिमेशन शाई: नव्याने छपाईत उतरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात माझं जर्सी, चहा-कॉफीचे मग आणि आयकार्डच्या रिबनी छापायचं छोटं काम आहे. दुकानात ऑर्डर घेऊन येणाऱ्यांइतकेच प्रश्न घेऊन येणारेही असतात: नुकती हीट प्रेस (तापवून दाबणारं मशीन) घेतलेली पोरं, घरून मग छापणाऱ्या ताई, फ्लेक्सच्या धंद्यातून इकडे वळू पाहणारे भाऊ. प्रश्न तेच ते असतात, आणि चुकीच्या उत्तरापायी पैसा जातो तो नव्या माणसाचाच. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहून ठेवतोय.

सबलिमेशन म्हणजे नेमकं होतं काय?

देवघरातली कापराची वडी उघडी राहिली तर ती लहान लहान होत जाते, पण खाली थेंब काही साचत नाही. घन पदार्थ पातळ न होता थेट हवेत जातो. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात याला संप्लवन म्हणत. सबलिमेशन शाईतला रंग हेच करतो, फक्त त्याला कापरापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता लागते. साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअस.

शाई आधी कागदावर छापायची, आरशात दिसतं तशी उलटी. मग तो कागद कापडावर पालथा घालून प्रेस करायचा. कागदावर सुकलेला रंग वायू होतो आणि समोर पॉलिस्टर असेल तर धाग्याच्या आत शिरतो. कापड थंड झालं की आतच अडकून राहतो. म्हणून चांगल्या जर्सीवर हात फिरवला तर छपाई हाताला लागत नाही. वर थर बसलेला नसतोच, धागाच रंगलेला असतो.

पॉलिस्टरच का? कॉटनवर का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून जरा थांबून सांगतो.

पॉलिस्टरच्या धाग्यात लांबलचक साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात. ७०-८० अंशांच्या पुढे त्या सैल व्हायला लागतात, आणि २०० अंशांच्या आसपास रंगाचा वायू आत शिरेल इतकी जागा होते. २५० ते २६० अंशांवर मात्र पॉलिस्टर वितळतं. आपलं सगळं काम या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत चालतं. कापूस पाण्याचा मित्र आहे आणि हे रंग पाण्यापासून दूर राहणारे. कॉटनच्या धाग्यात त्यांना घर मिळत नाही. ते वरवर बसतात आणि धुण्यात निघून जातात.

हे रंग डिस्पर्स डाय या जातीचे. १९२०च्या दशकात अ‍ॅसिटेट रेयॉन रंगवायला ते तयार झाले, कारण तो धागा जुन्या रंगांना दाद देत नव्हता. १९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिस्टरचा धागा निघाला आणि या रंगांना खरा जोडीदार मिळाला. १९५७ साली फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी कागदावरून उष्णतेने रंग कापडात नेण्याची पद्धत शोधली. आपल्या प्रेसखाली आज जे होतं, ते तेच. आणि नागपूरकरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं की पॉलिस्टर आपल्यासाठी लांबची वस्तू नाही. बुटीबोरीच्या एमआयडीसीत ते तयार होतं.

दुकानदार ‘पॉली’ म्हणून कापड देतो. ते शंभर टक्के आहे हे कसं ओळखायचं?

कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, काळसर धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राख होते. राख आणि मणी दोन्ही सापडले तर कापड मिश्र आहे. मिश्र कापडावर फक्त पॉलिस्टरचा भाग रंगतो, त्यामुळे चित्र सुरुवातीपासूनच धुतल्यासारखं दिसतं. जुनाट, फिका लूक मागणारं गिऱ्हाईकही असतं, त्याला ते चालतं. क्रिकेटच्या टीमला चालत नाही. गांधीबागेच्या बाजारातून ठोकात कापड उचलण्याआधी वीतभर तुकडा घरी आणून छापून बघा, मगच ठाण घ्या.

शाईच्या बाटलीत असतं काय?

मुख्यत्वे पाणी. त्यात रंगाचे एक मायक्रॉनहूनही बारीक कण, ते कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेलं रसायन, हेडच्या, म्हणजे प्रिंटरमधल्या शाई सोडणाऱ्या भागाच्या, तोंडाशी शाई सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखा ओल धरणारा घटक, आणि बुरशी लागू नये म्हणून थोडं संरक्षक.

महत्त्वाचं हे की रंग पाण्यात विरघळलेला नसतो, तरंगत असतो. साखरेच्या पाण्यासारखा नाही, कालवलेल्या चुन्यासारखा. बाटली महिनाभर उभी राहिली की जड कण तळाशी बसतात. तशीच वरची शाई टाकीत ओतली तर पहिले प्रिंट फिके आणि शेवटचे गडद येतील. बाटली वापरण्याआधी हळुवार उलटसुलट करा. जोरात घुसळू नका, फेस होतो आणि हवेचे बुडबुडे हेडपर्यंत जातात. ढवळल्यावर थोडा वेळ ठेवून मगच भरा.

घरी प्रिंटर पडून आहे. त्यात ही शाई टाकली तर चालेल?

हेड कोणतं आहे ते आधी बघा. एप्सनच्या इंकजेट प्रिंटरमध्ये पिझो हेड असतं. तिथे वीज दिली की एक चकती वाकते आणि शाईचा थेंब ढकलते, उष्णतेचा संबंध नाही. ही शाई त्यात चालते. एचपी आणि कॅननच्या घरगुती इंकजेटमध्ये थेंब उडवण्यासाठी शाई क्षणभर प्रचंड तापवली जाते. उष्णतेनेच उडून जाणारा रंग तापवून उडवायचा, हे गणित जमत नाही. कण जळून आत चिकटतात आणि हेड जातं.

एप्सनचा साधा टाकीवाला प्रिंटर बदलून वापरायचा असेल तर नवाकोरा घ्या आणि पहिल्याच दिवशी सबलिमेशन शाई भरा. आधी साधी शाई भरून वापरलेला प्रिंटर पूर्ण धुतल्याशिवाय घेऊ नका. अशा बदलाने कंपनीची वॉरंटी जाते, हे डोक्यात ठेवूनच निर्णय घ्या. काम वाढलं की याच शाईसाठी बनवलेला प्रिंटर घेणं बरं.

“भाऊ, कागदावर रंग काऊन फिका येऊन राहिला?”

येऊ द्या. कागदावर काळा करडा दिसतो, लाल विटकरी दिसतो. खरा रंग प्रेसनंतरच उघडतो. कागद बघून फोटोशॉपमध्ये रंग वाढवू नका.

स्वस्त शाई आणि महाग शाई, फरक काय पडतो?

किमतीपेक्षा सातत्य बघा. कण किती बारीक दळलेत, शाई किती नीट गाळलीय आणि या महिन्याची बाटली मागच्या महिन्याच्या बाटलीसारखीच आहे का, हे तीन मुद्दे. खड्याएवढा एक कण नोझल, म्हणजे हेडचं बारीक छिद्र, बंद करायला पुरे. आणि लॉट बदलला की रंग बदलत असेल तर त्याच टीमची पुढच्या वर्षीची जर्सी जुन्या जर्सीशी जुळणार नाही.

माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचा आठवडा होता. दीक्षाभूमीवर सेवा देणाऱ्या एका वस्तीतल्या स्वयंसेवकांसाठी निळे टी-शर्ट छापत होतो. निम्म्यात निळी शाई संपली. नेहमीची शाई बाजारात नव्हती, म्हणून एका दुकानातून दुसरी आणली आणि टाकीत उरलेल्यावरच ओतली. त्यानंतरचे शर्ट जांभळट निघाले. मी स्वतःला सांगितलं, इतका फरक कोणाला कळतोय. ऑर्डर न्यायला आलेल्या काकूंनी एक शर्ट उचलला, बाहेर उन्हात नेऊन बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, “दादा, हा आमचा निळा नाही.” त्यांचं बरोबर होतं. त्या निळ्यासाठी माणसं कुठून कुठून चालत येतात. मी रात्रभर बसून टाकी रिकामी केली, सगळे शर्ट पुन्हा छापले, आणि तेव्हापासून दोन कंपन्यांची शाई एका टाकीत घातलेली नाही.

यामागे कारण आहे. दोन्हींवर ‘सायन’ (आकाशी निळा) लिहिलेलं असलं तरी आतला रंग वेगळा असू शकतो. शिवाय कण तरंगत ठेवणारी रसायनं दोघांची वेगळी असतात. ती एकमेकांशी भांडली तर कण गोळा होतात, शाई घट्ट होते आणि नंतर हेड बदलण्याचा खर्च येतो. कंपनी बदलायचीच असेल तर टाकी आणि नळ्या रिकाम्या करा, हेड धुण्याचं द्रावण फिरवा, मग नवी भरा आणि रंगाचं प्रोफाइलही नवं करा (ते काय, हे पुढच्या उत्तरात सांगतो).

शाई तीच आहे, तरीही निळा जांभळा येतो. आणि भगवा, संत्री हे रंग मळकट का दिसतात?

चार रंगांच्या शाईत निळा हा सायन आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून बनतो. मॅजेंटा थोडा जरी जास्त पडला तर निळा जांभळ्याकडे झुकतो. मॉनिटर प्रकाशाने रंग दाखवतो, त्यामुळे तिथे दिसणारा झळझळीत निळा शाईच्या आवाक्याबाहेरही असू शकतो.

भगव्या आणि संत्र्याच्या रंगात पिवळा आणि मॅजेंटा असतो. त्यात सायनचा शिंतोडा गेला तरी मातकटपणा येतो. संत्र्यांच्या गावात संत्रंच फिकट छापणं मला फार लागतं, म्हणून मी त्या रंगाच्या फाइलमध्ये सायन शून्यावर आहे ना, हे दर वेळी तपासतो. त्याहून झगझगीत संत्री हवा असेल तर फ्लोरोसंट शाईची जोड लागते, आणि ती ऊन कमी सोसते.

खरा उपाय आयसीसी प्रोफाइल. ही एक फाइल असते, जी प्रिंटरला सांगते की ‘या शाईने, या कागदावर, या कापडावर हा रंग हवा असेल तर इतके थेंब टाक.’ प्रिंटर, शाई, कागद, कापड या चार गोष्टींपैकी एक बदलली तरी प्रोफाइल चुकतं. शाई विकणाऱ्याकडे ते मागा. देत नसेल तर तीही त्या शाईची एक किंमतच समजा. छोट्या एप्सनवर काम करताना फाइल आरजीबीमध्येच (लाल-हिरवा-निळा या पडद्याच्या रंगांत) ठेवा आणि रंगदुरुस्ती एकाच जागी करा: एक तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे केली तर रंग दोनदा वाकतो.

याखेरीज मी भिंतीवर एक कापड लावलंय. त्यावर निळ्याचे, भगव्याचे, लालचे चौकोन छापलेत आणि प्रत्येकाखाली त्याचे आकडे. गिऱ्हाईक मोबाइलवर रंग दाखवायला लागलं की मी त्याला त्या कापडापुढे उभं करतो.

काळा तपकिरी का येतो?

काळी शाई दोन-तीन रंगांची मिळून झालेली असते, आणि प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या उष्णतेला सुटतो. प्रेस कमी तापली तर काही भाग कागदातच राहतो. जास्त तापली तर काही भाग उडून जातो. दोन्ही वेळा काळा तपकिरी किंवा हिरवट होतो, म्हणून नुसता रंग बघून चूक कोणत्या बाजूची ते कळत नाही. एकाच कापडाच्या चार पट्ट्या घ्या, त्याच तापमानाला ३५, ४५, ५५ आणि ६५ सेकंद प्रेस करा, पट्टीवर पेनाने वेळ लिहा. सगळ्यात खोल काळा जिथे आला तो तुमच्या प्रेसचा आकडा. माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

तरी सुरुवातीला आकडे काय धरावेत?

जर्सीच्या पॉलिस्टरला २०० अंश, ४५ ते ६० सेकंद, मध्यम दाब. स्ट्रेच कापडात स्पँडेक्स असतं, तिथे १८५-१९० वर या, नाहीतर पिवळेपणा येतो. मगला १८० ते २०० अंश आणि तीन मिनिटांच्या आसपास.

दोन जागी फसगत होते. एक, प्रेस सेल्सिअसवर आहे की फॅरनहाइटवर? २०४ अंश सेल्सिअस म्हणजे ४०० फॅरनहाइट. २०० फॅरनहाइटवर प्रेस करून “शाई खराब निघाली” म्हणणारे मला भेटलेत. दोन, प्रेसच्या डब्यावर दिसणारा आकडा आणि प्लेटचं खरं तापमान यात फरक असतो, आणि कोपरे मधल्या भागापेक्षा थंड असतात. प्लेटवर लावून बघायचं थर्मामीटर ठेवा. प्रेस दीड-दोन किलोवॅट ओढते, तिला वेगळी लाइन द्या. एकाच बोर्डावर प्रेस, कूलर आणि शिलाई मशीन चालवलं तर ताप खालीवर होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि हवा कोरडीठक्क असते. हेडच्या तोंडाशी शाई सुकते आणि सकाळी नोझल चेकमध्ये रेषा तुटलेल्या दिसतात. या दिवसांत प्रिंटर एक दिवसही बंद ठेवू नका. काम नसलं तरी चारही रंगांचा एक छोटा प्रिंट काढा. सारखं हेड क्लीनिंग मारू नका, त्यात शाई वाया जाते आणि वाया शाई शोषणारा वेस्ट पॅड भरतो. दोनदा करून रेषा आल्या नाहीत तर काही तास थांबा.

आणि कूलर! वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर लावल्याशिवाय आपल्याकडे दुकानात बसणं शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण त्याचा झोत थेट कागदाच्या रोलवर येऊ देऊ नका. कागद ओल पितो, कडा वळतात, हेडला घासतात आणि छपाईवर काळे ओरखडे येतात. मी कूलर दुसऱ्या खिडकीत लावलाय आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता शाईलाही मानवते आणि कागदालाही. भिंतीवर टांगायचा छोटा आर्द्रतामापक फार महाग नसतो.

शाईच्या बाटल्या टिनाच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. ट्रान्सपोर्टने भर दुपारी आलेली बाटली हाताला गरम लागली तर एक दिवस घरातल्या थंड खोलीत ठेवा, मग उघडा.

आणि पावसाळ्यात?

उलटा त्रास. कापड आणि कागद दोघांत ओल असते. प्रेसखाली तिची वाफ होते आणि ती रंगाला वाटेत अडवते, ढकलते. डाग, पुसट कडा, फिके पट्टे येतात. कापड आधी कोरंच चार-पाच सेकंद प्रेस करा. छापलेला कागद पूर्ण सुकू द्या. कडेला सावलीसारखी दुसरी प्रतिमा येत असेल तर मात्र दोष ओलीचा नाही, कागद हलल्याचा आहे. प्रेस उघडल्यावरही रंग काही क्षण वायूच असतो. हीट टेप लावा आणि कागद एका झटक्यात उचला.

कोणत्याही कागदावर छापलं तर?

साधा कागद शाई पिऊन बसतो आणि परत देत नाही. सबलिमेशन पेपरवर शाई वरच राहील असा लेप असतो. लेपाची बाजू सहसा जास्त पांढरी दिसते, त्याच बाजूवर छापा.

साध्या कपावर, स्टीलच्या बाटलीवर होईल का?

चिनी माती आणि धातू यांच्यात रंग शिरत नाही. त्यावर पॉलिमरचा लेप दिलेला लागतो, आणि रंग त्या लेपात जातो. म्हणून ‘सबलिमेशन मग’ वेगळा मिळतो. छपाई मगच्या बाहेरूनच करा, ओठ आणि चहा लागतो त्या जागी नको.

काळ्या टी-शर्टवर पांढरं नाव हवंय.

या शाईत पांढरा रंग नसतो. जिथे काही छापत नाही, तिथे कापडाचाच रंग दिसतो. काळ्या शर्टचं काम असेल तर एक तर पांढऱ्या पॉलिस्टरवर काळा छापून नावाची जागा मोकळी सोडा, म्हणजे ती पांढरी राहील, किंवा डीटीएफ करा, म्हणजे फिल्मवर छापून चिकटवायची पद्धत.

मग सरळ डीटीएफच का नको?

कामानुसार ठरवा. डीटीएफमध्ये फिल्मवर पिगमेंट शाई आणि पांढरा थर छापून, गोंदाची पावडर लावून, तो थर कापडावर चिकटवतात. कॉटनवर, गडद रंगावर, एक-दोन नगांच्या कामाला ते उत्तम. पण पूर्ण जर्सीवर तो थर म्हणजे छातीवर प्लॅस्टिक. उन्हात कबड्डी खेळणाऱ्या पोराला घाम जायला जागा हवी. अंगभर डिझाइन, रिबन, पॉलिस्टरचे झेंडे याला सबलिमेशनच.

धुतल्यावर रंग जाईल का? उन्हात टिकेल का?

शंभर टक्के पॉलिस्टरवर नीट प्रेस केलेला रंग धुण्यात जवळपास जात नाही. ऊन मात्र त्याचा शत्रू आहे. खेळायला घातलेल्या जर्सीला फार फरक पडत नाही, पण गच्चीवर वर्षभर फडकणारा झेंडा किंवा दुकानाबाहेरचा बोर्ड फिका होणारच. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

इस्त्रीबद्दलही सांगा. फार गरम इस्त्री म्हणजे छोटी हीट प्रेसच. रंग पुन्हा सुटतो आणि खालच्या कापडाला लागतो.

शाई किती दिवस टिकते?

बाटलीवरची तारीख पाळा. बंद बाटली साधारण वर्षभर चालते, उघडलेली सहा महिन्यांत संपवा. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची सवय लावा.

एका प्रिंटला शाई किती लागते, भाव कसा काढू?

दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, मोजा. टाकीवर खूण करा, नेहमीसारखी भरगच्च डिझाइनं ३२ ए-फोर पानांवर काढा, मग खुणेपर्यंत परत भरायला किती मिली लागली ते सिरिंजने बघा. १६ ए-फोर पानं म्हणजे जवळपास एक चौरस मीटर, त्यामुळे हिशोब मोठ्या कापडालाही लावता येतो. त्यात क्लीनिंगमध्ये गेलेली शाई, कागद, वीज आणि बिघडलेले नग धरायला विसरू नका.

या वासाने, वाफेने त्रास होतो का? लहान मुलांच्या कपड्यांवर छापू का?

शाई पाण्याची आहे, सॉल्व्हंटसारखा भपकारा नसतो. तरी प्रेस उघडताना येणाऱ्या वाफेवर चेहरा नेऊ नका आणि बंद खोलीत काम करू नका. प्रेसच्या वर एक्झॉस्ट फॅन लावा. लहान मुलांच्या कपड्यांसाठी शाईचं सुरक्षा-पत्रक विकणाऱ्याकडून मागून घ्या. डिस्पर्स रंगांपैकी काही, जसे डिस्पर्स ब्ल्यू १०६ आणि १२४, त्वचेला ॲलर्जी करणारे म्हणून ओळखले जातात. पत्रक द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर त्याची शाई मी बाळाच्या अंगड्यासाठी वापरणार नाही, तुम्हीही वापरू नका.

वेस्ट टाकीतली शाई कुठे टाकायची?

मोरीत नाही, नालीत तर मुळीच नाही. आपल्या वस्त्यांमधल्या नाल्या शेवटी नागनदीला मिळतात, आणि या शहराने आपलं नाव त्या नदीवरून घेतलंय. हे रंग पाण्यात सहजासहजी कुजत नाहीत. मी वेस्ट शाई झाकणाच्या जुन्या डब्यात साठवतो, त्यात लाकडाचा भुसा घालून सुकवतो आणि तो घट्ट गोळा पिशवीत बांधून, वर ‘रंगाचा कचरा’ असं लिहून, घातक कचरा म्हणून वेगळा देतो. रिकाम्या बाटल्या ज्याच्याकडून घेतल्या त्यालाच परत करतो. सुरुवातीला तो घ्यायला तयार नव्हता. मी दर खेपेला नेत राहिलो, आता त्याने दुकानात त्यासाठी एक खोकं ठेवलंय.